दादाने जखम दाखवली नाही

त्या वर्षी उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, पतंग उडवायला आम्ही दादाच्या गच्चीवर होतो. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. बडोद्यात मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात छत्तीस वर्षं लेथवर टर्नरचं काम करून तो निवृत्त झाला होता आणि तिथून जवळच एका सोसायटीत वहिनीबरोबर राहत होता. मूलबाळ नाही, दोघंच. दुपारी उंधियो-जिलेबी झाली, मांज्याने बोटं कापून घेऊन झाली आणि चार वाजता सगळे खाली निघाले. दादा माझ्या पुढे होता, अनवाणी. जिन्याच्या पायऱ्यांना पांढरी फरशी. एक पायरी सोडून एक, अशा प्रत्येक पायरीवर बोराएवढा ओला, लालसर डाग उमटत होता.

उतरता उतरता तो वहिनीला हाक मारून सांगत होता, "चहा टाक, सगळ्यांना." त्याला काहीही कळलं नव्हतं.

मी परिचारिका आहे. बडोद्यातल्या एका इस्पितळात ड्रेसिंगच्या खोलीत माझी अठ्ठावीस वर्षं गेली. साखरेच्या रोग्यांच्या पायाच्या जखमा, हेच माझं रोजचं काम. जखम आहे पण दुखत नाही, तो पाय सगळ्यात वाईट, हे मी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगते. दादाला साखर होतीच, त्यामुळे शेवटच्या पायरीवर मी त्याला थांबवलं.

"दादा, पाय बघू तुझा."

"कसला पाय?"

"उजवा. रक्त येतंय."

त्याने भिंतीला हात टेकून तळवा वळवून पाहिला, दुसऱ्या कुणाचा पाय असावा तसा. "मांजा लागला असेल," म्हणाला आणि न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावली. बाहेर आला तेव्हा दोन्ही पायांत मोजे होते. कारखान्यात बुटाच्या आत घालायचा तसले करडे, जाड मोजे. चहा पिताना तो पतंगांबद्दलच बोलत राहिला.

मी स्वयंपाकघरात वहिनीला गाठलं. "किती दिवस झाले?"

"दिवाळीच्या आधीपासून आहे." तिची नजर दुधावर होती. "मला बघू देत नाहीत. हळद, खोबरेल असलं काहीतरी आत जाऊन स्वतःच लावतात. जुन्या सदऱ्याच्या चिंध्या फाडून ठेवल्यात." मग गॅस बारीक करून ती म्हणाली, "वन्सं, मला तेवढी पट्टी बांधायला शिकवाल का? माझ्याकडून बांधून घेतील कदाचित."

"वहिनी, हे घरी करायचं काम नाही," मी म्हणाले. "आतली मेलेली कातडी कापावी लागते. तुम्ही त्याला उद्या माझ्याकडे घेऊन या."

ती बरं म्हणाली. दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही.

माझ्या खोलीत एक लाकडी स्टूल आहे, त्यावर हिरवं कापड. माणसं येतात, बसतात आणि मी सांगायच्या आत त्यावर पाय ठेवतात. त्या महिन्यात पादरा गावाहून एक म्हातारे काका यायचे, तूर पिकवणारे, टाचेला भोक पडलेलं. दर वेळी पाय वर ठेवला की हात जोडायचे आणि म्हणायचे, "बेन, तमे कहेशो एम करीश." मी सांगेन तसं करणारा माणूस. बिडी सोड म्हटलं तर सोडली. शेतात बूट घाल म्हटलं तर घातले. त्यांची टाच माझ्या डोळ्यांसमोर आठवड्या-आठवड्याने भरत येत होती. गुलाबी मांस वर यायला लागलं की मी त्यांना आरशात दाखवायची. काका हसायचे आणि माझा जीव तुटायचा. परक्या गावचा परका माणूस माझ्या हातात पाय देतो आणि ज्याने मला लहानाचं मोठं केलं तो मोजे काढत नाही.

लहानाचं मोठं केलं हे मी नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही. आमचे बाबा रेल्वेत होते. ते गेले तेव्हा मी अकरा वर्षांची होते, दादा एकोणीस. आई त्याआधीच गेलेली. दादाने शिक्षण तिथेच सोडलं आणि कारखान्यात चिकटला. माझ्या वेण्या घालायला तो शेजारच्या काकूंकडून शिकला. नर्सिंगला जायचं म्हटलं तेव्हा सगळे नातेवाईक नाकं मुरडत होते, हा एकटा म्हणाला, "जाऊ दे तिला." माझ्या पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी मला सायकलवर मागे बसवून इस्पितळाच्या फाटकापर्यंत आला होता. आणि उभ्या जन्मात त्याने कुणाकडून काही घेतलेलं मला आठवत नाही. ताप आला तरी उठून स्वतःचा पेला स्वतः विसळून ठेवणारा माणूस.

जानेवारी संपेपर्यंत मी रोज गेले. निजामपुऱ्यातलं माझं घर एका टोकाला, त्याचं दुसऱ्या टोकाला. ड्यूटी संपली की स्कूटी काढायची आणि संध्याकाळच्या गर्दीतून, कंपन्यांच्या सुटलेल्या बसगाड्यांच्या समोरून, सगळं शहर ओलांडायचं. डिकीत ड्रेसिंगचं सामान. पहिले काही दिवस तो हसून टाळायचा. "आज नको, उद्या बघू." मग मी गेले की तो न्हाणीघरात जाऊन बसायला लागला. मी दाराबाहेरून बोलायची. समजावायची, घाबरवायची, इस्पितळातल्या गोष्टी सांगायची. अमक्याचा अंगठा गेला, तमक्याचा घोट्यापर्यंत गेला. आतून फक्त नळाचं पाणी. एकदा मी दारावर मूठ आपटली. तेव्हा नळ बंद झाला आणि तो शांतपणे म्हणाला, "छोटी, घरी जा. जावई वाट बघत असतील."

छोटी म्हणजे मी. छप्पन्न वर्षांची.

माझे यजमान कोयलीला रिफायनरीत होते, ते तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. ते एकदा जेवताना म्हणाले, "तो लहान मूल नाही. त्याला नको असेल तर तू काय करणार?" मी ताटावरून उठले. दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. मला वाटायचं, नको म्हणणाऱ्यालाच तर जास्त गरज असते. हो म्हणणाऱ्याला कुणीही मदत करील.

मग मी खोटेपणा सुरू केला.

आमच्या इस्पितळात एक तरुण सर्जन होते, मराठीच, स्वभावाने फार चांगले. विनवण्या करून मी एका रविवारी त्यांना दादाकडे नेलं. दादाला सांगितलं की यांच्या घरच्या शिलाई मशीनचा एक भाग मिळत नाही, तो लेथवर करून मिळेल का ते विचारायला आलेत. दादाला आनंद झाला. त्याने कागद-पेन्सिल घेतली, माप विचारलं. डॉक्टरांना मापं सांगता येईनात. दादाने पेन्सिल खाली ठेवली, त्यांच्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वहिनीला म्हणाला, "डॉक्टरसाहेबांना चहा कर." चहा झाला, त्यांना फाटकापर्यंत सोडून आला, अगदी व्यवस्थित, "आवजो" म्हणून. परत आल्यावर त्याने मला एवढंच सांगितलं, "माझ्या घरात माझ्याशी नाटक करू नकोस."

मी तरी ऐकलं नाही. याहून वाईट जे केलं ते सांगायला मला आजही जड जातं.

फेब्रुवारीत घरात वास यायला लागला. वहिनी उदबत्ती लावून ठेवायची. तिला तो वास कसला ते माहीत नव्हतं, मला माहीत होतं. मी तिच्या हातात जंतू मारायच्या कॅप्सूल दिल्या आणि सांगितलं, या फोडायच्या आणि भाजीत, कढीत, जिथे जमेल तिथे मिसळायच्या. ती घाबरली. "त्यांना न सांगता?"

"सांगून तो घेतोय का?"

"कळलं तर?"

"कळू द्यायचं नाही."

तेव्हाही तिने मला एक विचारलं होतं. "वन्सं, एखादा दिवस तुम्ही नुसत्या इथे येऊन बसाल का? काही म्हणू नका त्यांना. मी मोठ्या बहिणीकडे जाऊन येईन. तीन महिने झाले, घराबाहेर पडले नाही." मला आठवतं, मी घड्याळ बघत होते. म्हटलं, "बघू, आधी हे होऊ दे." माझ्या डोक्यात फक्त तो पाय होता. त्या पायापलीकडे घरात दुसरं माणूस आहे, ते काही मागतंय, हे मला ऐकूच आलं नाही.

पाच दिवस दादाने खाल्लं. सहाव्या दिवशी कढीचा घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "कडू का लागते?" वहिनीला खोटं बोलता येत नाही. तिने सगळं सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं ती नंतर म्हणाली. तो उठला, ताट मोरीत ठेवलं आणि त्या दिवसापासून स्वतःची खिचडी स्वतः शिजवू लागला. लंगडत उभा राहायचा गॅसपाशी, ओट्याला कमरेने टेकून. लग्न झाल्यापासून जिच्या हातचा डबा घेऊन गेला तिने वाढलेलं पाणीसुद्धा तो पीत नव्हता.

हे वहिनीने मला फोनवर सांगितलं. रडली नाही. म्हणाली, "तुम्ही आता येऊ नका काही दिवस."

मग तीन आठवडे मी गेले नाही. ते दिवस कसे काढले मला माहीत नाही. इस्पितळात हात चालू असायचे. संध्याकाळी घरी येऊन स्वयंपाकघरात उभी राहायची आणि काय करायला आले ते विसरायची. फोन वाजला की भीती वाटायची, नाही वाजला की आणखी वाईट. मी हिशोबाने जाणत होते, आत कुठपर्यंत पोचलं असेल. जखमेपासून हाडापर्यंत, हाडावरून वर. रोज किती. मला ते डोळे मिटले की दिसायचं. आणि कुणाला सांगू? रोज दहा-बारा माणसांचे पाय वाचवणारी बाई घरच्या एका माणसापुढे हात टेकून बसली होती. पादऱ्याच्या काकांची टाच त्याच दिवसांत पूर्ण भरली. ते पेढे घेऊन आले. मी पेढा हातात घेतला आणि आत जाऊन कपाटाआड तोंड दाबून रडले.

होळी झाल्यावर चौथ्या दिवशी, दुपारी, वहिनीचा फोन आला. "थंडी वाजून ताप आलाय. ओळखतात, बोलतात. पण तुम्ही या."

मी पोचले तेव्हा दादा पलंगावर होता, भर उन्हाळ्याच्या तोंडावर दोन रजया घेऊन. पाय रजईबाहेर होता. मोजा नव्हता. पहिल्यांदाच पाहिला मी तो पाय. अंगठा आणि शेजारची दोन बोटं काळी, कोळशासारखी कोरडी. पाऊल सुजून चकाकत होतं आणि पोटरीवर लाल रेघ चढत होती.

मी खाली बसले. माझ्या तोंडून काय काय बाहेर पडलं ते सलग आठवत नाही. हात जोडले. आईची शपथ घातली. म्हणाले, गाडी बोलावते, आत्ताच्या आत्ता, अजून गुडघा वाचेल. तो ऐकत होता. दात वाजत होते त्याचे. माझं संपल्यावर म्हणाला, "सही कोण करणार?"

"कसली सही?"

"कापायची. कापायला सही लागते ना."

"मी करीन. वहिनी करतील. तू स्वतः कर. सहीचं काय?"

त्याने नजर छताकडे वळवली. मग बोलला, थांबत थांबत. "बाबांची मी केली होती."

बाबा कशाने गेले हे मला लहानपणी सांगितलं होतं ते एवढंच, की पायाला लागलं होतं, विष चढलं. इस्पितळ, कापणं, यातलं काही माझ्या कानावर कधी आलं नव्हतं. मला काकूंकडे ठेवलं होतं.

"बाबा म्हणत होते, नको रे, मला असाच घरी घेऊन चल," दादा म्हणाला. "माझा हात धरून ठेवला होता. डॉक्टर म्हणाले, सही केली नाही तर दोन दिवसांत जातील. मी हात सोडवून घेतला आणि सही केली. मांडीपासून कापला. आठव्या दिवशी गेले. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत, छोटी. तोंड भिंतीकडे."

पंचेचाळीस वर्षं त्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं. वहिनीही दारात उभी राहून पहिल्यांदाच ऐकत होती.

मी इतके दिवस त्याला हट्टी समजत होते. अडाणी समजत होते. दाराबाहेर उभी राहून मी त्याला कोणत्या गोष्टी सांगत होते, ते आता मला कळलं. अमक्याचा पाय कापला, तमक्याचा पाय कापला. आणि तो आत नळ सोडून ऐकत होता.

मी जमिनीवरच पलंगाला पाठ टेकवून बसले. घड्याळ पुढे सरकत होतं, लाल रेघ वर सरकत असणार, हे सगळं मला कळत होतं. तरी मी उठले नाही. मग मी त्याला विचारलं, आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं असेल, "दादा, मी काय करू? तुला माझ्याकडून काय हवंय?"

"थंडी वाजते," तो म्हणाला. "आणखी एक पांघरूण दे."

मी दिलं.

"आणि हिला कुणी बोल लावायचा नाही. पुढे काही झालं तरी."

"नाही लावणार."

थोड्या वेळाने डोळे मिटूनच म्हणाला, "माझ्याच्याने हो म्हणवत नाही. हिला विचार. ती म्हणेल तसं करा."

मी वहिनीकडे पाहिलं. साठीतली, बारीक अंगाची बाई, पदराला हात पुसत उभी. ती पलंगाशी आली, त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि विचारलं, "मी सही केली तर माझ्याशी बोलाल?"

त्याने मान हलवली. हो म्हणून.

"गाडी बोलवा," वहिनी मला म्हणाली.

पाय गुडघ्याखाली कापला. डिसेंबरात, जानेवारीत, कदाचित अंगठ्यावर भागलं असतं. सर्जन तेच होते, शिलाई मशीनवाले. त्यांनी मला काही बोलून दाखवलं नाही. सही वहिनीने केली, मराठीत, पूर्ण नाव लिहून. शुद्धीवर आल्यावर दादाचं तोंड कुठे असेल याची मला सगळ्यात जास्त भीती होती. तो वहिनीकडे तोंड करून पडला होता. आवाज फुटत नव्हता, पण ओठ हलवून त्याने तिच्याकडे पाणी मागितलं. तिने चमच्याने पाजलं. तो प्यायला.

माझ्याकडे मात्र त्याने पाहिलं नाही. तीन आठवडे तो माझ्याच इस्पितळात होता. खुंटाचं ड्रेसिंग करायला मी गेले की पांघरूण घट्ट धरून म्हणायचा, "दुसऱ्या कुणाला पाठव." मी दुसऱ्या मुलीला पाठवायची आणि बाहेर जिन्यात उभी राहायची. मुलगी बाहेर येऊन सांगायची, कसं आहे, कोरडं आहे का, टाके कसे दिसतात. शेवटी शेवटी ती मी विचारायच्या आधीच सांगायला लागली.

घरी पाठवायच्या आदल्या दिवशी मी वहिनीला ड्रेसिंगच्या खोलीत नेलं. हात कसे धुवायचे, चिमटा कसा धरायचा, पट्टी खालून वर कशी गुंडाळायची, कुठे ताण द्यायचा, कुठे सैल सोडायची, हे सगळं तिला माझ्या स्वतःच्या गुडघ्यावर करायला लावलं. दुसऱ्या खेपेलाच तिला जमलं. मी म्हटलं, "छान जमलं की." ती पट्टी सोडवत होती. वर न बघता म्हणाली, "वन्सं, त्यांनी माझ्याकडून बांधून घेतलं असतं. तेव्हाही. उत्तरायणाला मी विचारलं होतं तुम्हाला."

तिच्या आवाजात राग नव्हता. ती पट्टी गुंडाळत राहिली. माझा गुडघा तिच्यासमोर उघडा होता आणि मला तो झाकून घ्यायचंही सुचलं नाही.

खरंच बांधून घेतलं असतं का? मला माहीत नाही. कदाचित तिलाही नकार दिला असता. कदाचित तिने रोज बघितलं असतं, वेळेवर मला सांगितलं असतं, बोटावर निभावलं असतं. मी हा विचार किती वेळा उलटापालटा केलाय त्याला गणती नाही. जो माणूस दार लावून बसला होता त्याच्या दारावर मी महिना-दीड महिना डोकं आपटलं. आणि जिने मला गॅसपाशी उभं राहून साध्या शब्दांत मदत मागितली, तिला मी म्हटलं, हे तुमचं काम नाही.

एप्रिलपासून दादा घरी होता. वहिनी दोन वेळा पट्टी बांधायची. मी आठवड्यातून एकदा जायची, बाहेरच्या खोलीत बसायची आणि वहिनी तेवढ्यात बहिणीकडे जाऊन यायची. दादा आत, मी बाहेर. मध्ये उघडं दार. सुरुवातीला आम्ही बोलायचो नाही. मी वर्तमानपत्र वाचायची, तो रेडिओ ऐकायचा. मे महिन्यातल्या उकाड्यात दोन-दोन तास असे. मला सारखं वाटायचं की आत जावं, खुंट बघावा, डाव्या पायाची कातडी बघावी, कारण एक पाय गेलेल्या माणसाचा दुसरा पाय फार जपावा लागतो. हाताला खाज सुटल्यासारखं व्हायचं. मी हात मांडीखाली दाबून बसायची.

जूनच्या अखेरीस एकदा आतून आवाज आला. "छोटी."

मी दारात गेले.

"या पायाची नखं वाढलीत. हिला नीट दिसत नाही, मोतीबिंदू झालाय. तू कापशील?"

मी कोमट पाण्याचं घमेलं आणलं. पाय त्यात ठेवला, दहा मिनिटं. मग टॉवेलवर घेतला. दादाचा पाय माझ्या मांडीवर. टाचेला भेगा, बोटांच्या मधे कारखान्यातल्या तेलाचा काळपटपणा, इतक्या वर्षांनीही न गेलेला. मी नखं सरळ कापली, कडा घासल्या, बोटांच्या मधलं कोरडं केलं. तो खिडकीबाहेर बघत होता. झाल्यावर म्हणाला, "बाबांचे पाय असेच होते." मी हं म्हटलं. अजून काही तरी बोलायला हवं होतं. माफी मागायला हवी होती, कढीबद्दल, डॉक्टरांबद्दल. मी घमेलं उचललं आणि मोरीत जाऊन पाणी ओतलं.

पंधरा दिवसांनी पुन्हा कापली. तिसरी वेळ आलीच नाही. श्रावणात एका सकाळी चहाचा कप हातात असताना त्याला छातीत कळ आली आणि वहिनी मला फोन लावेपर्यंत सगळं संपलं. कपही तिने त्याच्या हातातून हळूच काढून घेतला, सांडू दिला नाही, असं तिने मला सांगितलं. हृदयाचं होतं, पायाचं नाही, डॉक्टर म्हणाले. जणू मला त्याने बरं वाटणार होतं.

त्यानंतर मी वहिनीच्या मागे लागले. माझ्याकडे निजामपुऱ्याला चला. एकट्या कशा राहणार? खोली रिकामी आहे. ती नाही म्हणाली. मी पुन्हा विचारलं. यजमानांकडून विचारवलं. तिच्या बहिणीला फोन करून तिच्याकडून विचारवलं. बहिणीने ते तिला सांगितलं असणार, कारण पुढच्या भेटीत वहिनीने मला समोर बसवून घेतलं आणि म्हणाली, "वन्सं, मला डोळ्याच्या ऑपरेशनला तुम्ही बरोबर हव्यात. त्याची तारीख घ्या. आणि मंगळवारी येत जा. बाकी मी सांगेन तेव्हा."

मोतीबिंदूचं झालं. एक डोळा झाला, दुसरा थंडीत करायचा आहे. मंगळवारी मी जाते. आम्ही भाजी निवडतो, टीव्ही बघतो, कधी ती डुलकी काढते आणि मी बसून राहते. दादाचा विषय ती काढते तेव्हाच निघतो. बाकीचे सहा दिवस ती त्या घरात एकटी असते. न्हाणीघराची फरशी गुळगुळीत आहे, तिथे धरायला काही नाही, हे मला माहीत आहे. मी मागच्या महिन्यात विचारलं, एक दांडा बसवून देऊ का भिंतीला. ती म्हणाली, "आत्ता नको."

मी बरं म्हटलं. घरी आले आणि रात्रभर माझा डोळा लागला नाही. पुढच्या मंगळवारी पुन्हा विचारणार आहे. एकदाच.